मॉरिशस: यादीत कोण, यादीबाहेर कोण

शनिवार, माहेबूर

मॉरिशसला जाणारी आपली बहुतेक मंडळी समुद्र बघायला जातात. मी आणि माझी मोठी नणंद गेलो, त्यामागे मात्र वन्संचा एक जुना प्रश्न होता. वन्संनी उभा जन्म शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. त्या म्हणायच्या, "इंग्रज यायच्या आधीपासून आपण इथे होतो, म्हणून त्यांना 'चालते व्हा' म्हणता आलं. मॉरिशसमध्ये गोऱ्यांच्या आधी माणूसच राहत नव्हता. मग तिथे स्वातंत्र्य मागितलं कुणी, आणि कुणाच्या नावाने?"

मुंबईहून सहा-साडेसहा तासांत विमान उतरतं. विमानतळाला देशाचे पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम यांचं नाव आहे. सामान गाडीत टाकून आम्ही आधी जवळच्या माहेबूर गावातलं संग्रहालय गाठलं. झाडीत लपलेली जुनी फ्रेंच हवेली आहे. ऑगस्ट १८१० मध्ये समोरच्या उपसागरात फ्रेंच आणि इंग्रज आरमारांची लढाई झाली. इंग्रजांनी चार फ्रिगेट जहाजं गमावली. पॅरिसच्या विजयकमानीवर या लढाईचं नाव कोरलेलं आहे. दोन्ही बाजूंचे जखमी सेनापती, फ्रेंचांचा द्युपेरे आणि इंग्रजांचा विलोबी, उपचारांसाठी याच घरात आणले गेले. एका छपराखाली दोन शत्रू निजलेले, हे डोळ्यांपुढे आणत वन्सं त्या दालनात बराच वेळ उभ्या होत्या.

इंग्रज गप्प बसणारे नव्हते. नोव्हेंबरच्या अखेरीस ते मोठी फौज घेऊन बेटाच्या उत्तर टोकाला उतरले. त्या फौजेत मुंबई, मद्रास आणि बंगालहून आलेल्या पलटणी होत्या. ३ डिसेंबर १८१० ला फ्रेंचांनी शरणागतीवर सही केली. पण शरणागतीची कलमं नीट वाचली पाहिजेत. रहिवाशांचे कायदे, चालीरीती आणि धर्म जसेच्या तसे राहतील, असं इंग्रजांनी लिहून दिलं. भाषाही राहिली. म्हणजे झेंडा इंग्रजांचा आला आणि जमीन, ऊस, साखर कारखाने, वर्तमानपत्रं सगळं फ्रेंच जमीनदारांकडेच राहिलं. आजही गावांची नावं फ्रेंच, दुकानांच्या पाट्या फ्रेंच आणि गाड्या मात्र आपल्यासारख्या डाव्या बाजूने धावतात.

पुढच्या दीडशे वर्षांचं राजकारण मला या कागदात दिसतं. इथल्या मजुराच्या डोक्यावर दोन धनी होते: लंडनचा साहेब आणि मळ्याचा मालक. एकाशी बोलणी करायची तर दुसरा आडवा यायचा.

रविवार, क्वात्र बोर्न

वन्संची एक जुनी विद्यार्थिनी इथल्या मराठी घरात दिली आहे. तिच्या सासरी आमचा मुक्काम. दोन दिवस आधीपासूनच गणपतीची गडबड सुरू होती. अंगणात केळीचे खुंट येऊन पडले होते, सासूबाई पुरणाची डाळ निवडत होत्या. घरात आपापसात क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली इथली बोली, बोलतात. काका, म्हणजे तिचे सासरे, आमच्याशी मराठीत बोलत होते. शाळेत आणि बैठकेत, म्हणजे गावकऱ्यांच्या एकत्र जमायच्या जागी, शिकलेलं, जरा जपून उच्चारलेलं मराठी, मध्येच आमच्या आजीच्या तोंडचा एखादा कोकणी शब्द. मराठी माणसं इथे मुंबई बंदरातून आली, म्हणून त्यांना 'बाँबे' म्हणत. बरीच घराणी रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा भागातली.

काकांनी कपाटातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिट्यांच्या, म्हणजे करारावर आणलेल्या मजुरांच्या, नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत, त्यांच्या पणजोबांच्या नोंदीची ती नक्कल होती. वर नंबर. खाली नाव, बापाचं नाव, जात, वय, उंची, जिल्हा, गाव, आणि शेवटी ओळखीची खूण: डाव्या भुवईवर व्रण. आडनाव नाहीच. बापाचं किंवा स्वतःचं नाव होतं तेच कारकुनाने लिहिलं आणि पुढे तेच घराण्याचं आडनाव झालं. कागद दाखवताना काकांनी अंगठ्याने तो भुवईवरचा व्रण पुन्हा पुन्हा चाचपला.

"या यादीत नाव लागायला काही लागत नव्हतं, बाई," ते वन्संना म्हणाले. "अंगठा पुरायचा. मताच्या यादीत नाव लागायला मात्र शंभर वर्षं गेली."

सोमवार, पोर्ट लुई

सकाळी मेट्रोने राजधानीत गेलो. ही मेट्रो आपल्या मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोने बांधली आहे.

बंदराला लागूनच आप्रवासी घाट. २००६ पासून जागतिक वारसास्थळ असलं तरी दिसायला अगदी साधं आहे: काळ्या दगडाच्या भिंती, दवाखान्याच्या खोल्यांचा पाया, आणि पाण्यातून वर येणाऱ्या दगडी पायऱ्या. १ फेब्रुवारी १८३५ ला इथली गुलामगिरी कायद्याने संपली, पण त्याच्या आधीच, २ नोव्हेंबर १८३४ ला, 'अॅटलास' जहाजातून ३६ भारतीय मजूर इथे उतरले होते. गुलामांऐवजी करारावरचे मजूर आणून ऊस पिकवता येतो का, याचा तो प्रयोग होता. इंग्रज त्याला 'महान प्रयोग' म्हणत. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांहून अधिक माणसं आली. १८६० च्या दशकापर्यंत बेटाची दोन तृतीयांश वस्ती भारतीय झाली होती. त्यांच्यापैकी मत एकालाही नव्हतं.

घाटावरून कंपनी गार्डनमध्ये आलो. मोठमोठ्या वडांच्या सावलीत आद्रिएँ देपिने यांचा पुतळा आहे. या वकिलाने १८३२ मध्ये वृत्तपत्रांवरची बंधनं उठवून घेतली आणि इथल्या लोकांचा कारभारात शब्द असला पाहिजे म्हणून लंडनला जाऊन भांडला. वाचून आधी आदर वाटतो. पण तो भांडत होता गुलामांच्या मालकांच्या वतीने, गुलामगिरी संपवायला निघालेल्या इंग्रज सरकारविरुद्ध. म्हणजे या बेटावर स्वराज्याची पहिली जोरकस मागणी गुलाम बाळगणाऱ्यांनी केली! गुलाम सुटले तेव्हा ब्रिटिश तिजोरीतून वीस लाख पौंडांच्या घरात भरपाई मिळाली, तीही मालकांनाच.

वन्संचा प्रश्न इथे पहिल्यांदा नीट उलगडायला लागला. 'आम्ही' म्हणून मागणारे कोण, आणि त्या 'आम्ही'त किती माणसं मावतात, हे आधी बघायला हवं.

दुपारी प्लास दार्म. बंदरापासून सरकारी वाड्यापर्यंत दोन्ही बाजूंना उंच ताडांची रांग, एका टोकाला फ्रेंच गव्हर्नर ला बुर्दोने, दुसऱ्या टोकाला व्हिक्टोरिया राणी. चौकाला आता स्वातंत्र्यकाळातले नेते सुखदेव विष्णुदयाल यांचं नाव दिलं आहे. पुतळे मात्र कुणी हलवले नाहीत. वाड्याच्या बाजूलाच संसद आहे. १८८६ मध्ये गव्हर्नर पोप हेनेसी यांच्या काळात इथल्या कौन्सिलात पहिल्यांदा दहा सदस्य निवडून आले. 'मॉरिशस मॉरिशसवाल्यांचं' अशी तेव्हाची घोषणा. लोकसंख्या साडेतीन लाखांवर, मतदार जेमतेम चार हजार. मत द्यायचं तर मालमत्ता हवी, नाहीतर चांगला पगार. पुढची चाळीस वर्षं एकही भारतीय वंशाचा माणूस निवडून आला नाही. १९२६ मध्ये दोघे आले: धनपत लाला आणि राजकुमार गजाधर.

मधल्या काळात आपल्याकडून दोन पाहुणे येऊन गेले. १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतताना गांधीजी काही दिवस इथे थांबले. मुलांना शिकवा आणि राजकारणात लक्ष घाला, असं त्यांनी लोकांना सांगितलं. मग त्यांच्याच सांगण्यावरून १९०७ मध्ये बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर आले, मजुरांचे खटले चालवले, 'हिंदुस्थानी' नावाचं पत्र काढलं. त्यांचा पुतळाही कंपनी गार्डनमध्ये आहे. देपिने आणि मणिलाल एकाच बागेत. वन्संनी फोटो फक्त मणिलाल यांचा काढला.

बाजारात उभ्याउभ्या डाळपुरी खाल्ली. पातळ, मऊ, आत भरड डाळ, वर घेवड्याची भाजी आणि टोमॅटोचं कालवण. बिहारमधून आलेला पदार्थ आता साऱ्या देशाचा झाला आहे. विकणारे, खाणारे सगळ्या वंशांचे.

मंगळवार, उत्तरेकडचे मळे

सगळ्या प्रवासात मला हा दिवस सगळ्यात मोलाचा वाटतो.

ऊसतोडणीचा हंगाम होता. रस्त्यावर उसाने भरलेले ट्रक, कापलेल्या शेतांत काळ्या दगडांचे ढीग. हे दगड मजुरांनी हातांनी वेचून काढले, तेव्हा कुठे ती जमीन लागवडीला आली. काका आम्हाला बेल व्ह्यू आरेलला घेऊन गेले. २७ सप्टेंबर १९४३ ला इथे मजुरीसाठी संपावर असलेल्या मजुरांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. चौघे मेले, त्यांत अंजले कुपेन ही तमिळ मजूर स्त्री होती. तिच्या पोटात मूल होतं. त्याआधी १९३७ मध्ये युनियन फ्लाकच्या मळ्यावरही असाच गोळीबार झाला होता. १९३६ मध्ये डॉक्टर मोरिस क्युरे यांनी मजूर पक्ष काढला, पाठोपाठ एमान्युएल आंक्तील मजुरांच्या संघटना बांधायला लागले. हे दोघेही भारतीय वंशाचे नव्हते. जवळच्या क्रीडासंकुलाला आज अंजलेचं नाव आहे. शेजारी मैदानात पोरं फुटबॉल खेळत होती.

या गोळीबारांनी लंडनला एवढं कळलं, की मूठभर मालकांच्या कौन्सिलावर राज्य फार काळ चालणार नाही. १९४७ मध्ये नवी घटना आली आणि मताची अट बदलली. मालमत्ता गेली, त्या जागी साक्षरता आली. बेटावर बोलल्या जाणाऱ्या भाषांपैकी कोणत्याही एका भाषेत साधी वाक्यं लिहिता-वाचता आली आणि सही करता आली, की स्त्री असो वा पुरुष, मतदार!

आणि इथेच सुखदेव यांचे भाऊ पंडित बासदेव विष्णुदयाल यांचं काम. भारतात शिकून १९३९ मध्ये परतलेला हा माणूस गावोगाव प्रवचनं करत हिंडत होता. गावाच्या बैठकेत दिवसभर ऊस तोडून आलेली माणसं रात्री रामायण ऐकायला बसायची. तिथेच त्यांच्या स्वयंसेवकांनी पाट्या आणि कंदील आणले. आम्ही अशी एक बैठक पाहिली. पत्र्याचं छप्पर, दोन लाकडी बाकं, फळा, भिंतीवर हनुमान. ती आता नव्याने बांधली आहे, पण जागा तीच. काकांच्या आईने अशाच एका बैठकेत, पश्चिमेकडच्या त्यांच्या गावी, बोटात पेन्सिल धरली. त्या सांगायच्या, कोयत्याने हात घट्ट झालेला, पेन्सिल सारखी मोडायची. मग मास्तरांनी उसाच्या कांडीचा जाड बोरू करून दिला, जमिनीवर राख पसरली आणि म्हणाले, यात लिही. नाव लिहायला येईपर्यंत पावसाळा संपला. पुढे नोंदणीच्या दिवशी साहेबासमोर उभ्या राहून त्यांनी वाक्य वाचून दाखवलं, सही केली आणि घरी येऊन चूल पेटवली. "त्या दिवशी वरणात मीठ दोनदा पडलं," काका म्हणाले. आईच्या तोंडचं वाक्य होतं ते.

मतदार बारा हजारांच्या आसपास होते, ते सत्तर हजारांवर गेले. ऑगस्ट १९४८ च्या निवडणुकीत १९ जागांपैकी ११ जागांवर हिंदू उमेदवार आले, एमिलियेन रोशकुस्त या निवडून आलेल्या पहिल्या स्त्री सदस्य ठरल्या. जमीनदारांच्या गटाची धूळधाण झाली. या निकालाला मी इथला खरा स्वातंत्र्यलढा मानते. बंदूक नाही, तुरुंग भरणं नाही, राखेत अक्षरं गिरवून मिळवलेला विजय. आपल्याकडे प्रौढ मताधिकार घटनेने एका फटक्यात दिला. इथे माणसांनी तो एकेक करून परीक्षा देऊन घेतला.

सरकारने हा विजय हाती लागू मात्र दिला नाही. कौन्सिलात निवडून आलेले १९, तर गव्हर्नरने नेमलेले १२ आणि पदसिद्ध अधिकारी ३. नेमणुका बहुतेक पडलेल्या गटाकडे गेल्या. १९५३ मध्ये मजूर पक्षाने १९ पैकी १३ जागा जिंकल्या, तेव्हाही तेच. सगळ्यांना मत मिळालं ते मार्च १९५९ च्या निवडणुकीत, चाळीस मतदारसंघांतून. १९६१ मध्ये रामगुलाम चीफ मिनिस्टर झाले, १९६४ मध्ये प्रीमियर. पद बदलत गेलं, अधिकार चमच्याने मिळत गेले.

वन्सं गाडीत बसल्या-बसल्या म्हणाल्या, "आपल्याकडचे १९०९, १९१९, १९३५ चे कायदे मुलांकडून पाठ करून घेताना मला कंटाळा यायचा. आता वाटतं, त्या प्रत्येक कायद्यामागे कुणीतरी नोंदणीच्या रांगेत उभं असणार. ते मी शिकवायला हवं होतं."

परतताना पांप्लेमूसच्या बागेत थांबलो. परातीएवढ्या पानांच्या कमळांचं तळं सगळे बघतात. त्याच बागेत डिसेंबर १९८५ मध्ये रामगुलाम यांच्यावर अंत्यसंस्कार झाले, तिथे समाधी आहे.

बुधवार, शाँ द मार्स

पोर्ट लुईच्या डोक्यावर एक काळा किल्ला आहे, फोर्ट अॅडलेड. १८३४ मध्ये बांधायला घेतला. गुलामगिरी संपताना फ्रेंच जमीनदार बंड करतील, ही इंग्रजांची धास्ती त्यामागे होती. तटावरून खाली घोड्यांच्या शर्यतीचं मैदान दिसतं. १८१२ पासून तिथे शर्यती होतात. मजूर पक्षाची पहिली सभा त्याच मैदानात झाली, आणि १२ मार्च १९६८ च्या दुपारी युनियन जॅक उतरून लाल-निळा-पिवळा-हिरवा झेंडा चढला तोही तिथेच. १२ मार्च ही तारीख गांधीजींच्या दांडीयात्रेची.

काका तेव्हा सतरा वर्षांचे होते. ते वडिलांबरोबर आले होते. मी विचारलं, "खूप गर्दी होती का काका?" ते जरा थांबले. "गर्दी होती. पण घरात बसलेलेही खूप होते. आमचे क्रिओल, म्हणजे आफ्रिकी वंशाचे, शेजारी खिडक्या लावून बसले होते. माझा मित्र होता त्या घरात."

हा भाग सांगितल्याशिवाय इथल्या स्वातंत्र्याची गोष्ट खरी होत नाही. सप्टेंबर १९६५ मध्ये लंडनच्या लँकेस्टर हाउसमध्ये मॉरिशसच्या भवितव्यावर परिषद झाली. गायतान द्युवाल यांच्या पीएमएसडी पक्षाला स्वातंत्र्य नको होतं, ब्रिटनशी संलग्न राहायचं होतं. त्यांना सार्वमत हवं होतं, ते मिळालं नाही; निवडणुकीत जे जिंकतील त्यांचं खरं, असं ठरलं. ७ ऑगस्ट १९६७ ला मतदान झालं. रामगुलाम यांच्या आघाडीला ५५ टक्क्यांच्या आसपास मतं आणि ३९ जागा, द्युवाल यांना ४४ टक्क्यांच्या आसपास आणि २३ जागा. शंभरातल्या चव्वेचाळीस माणसांनी स्वातंत्र्याच्या विरोधात मत दिलं! त्यांना गद्दार म्हणून मोकळं होता येत नाही. त्यांतले कितीतरी गुलामांचे वंशज होते. गोऱ्यांच्या जागी आता हिंदू बहुसंख्याकांचं राज्य येणार, मग आपलं काय, ही त्यांची भीती होती. ज्याला कधीच यादीत नीट जागा मिळाली नाही, त्याला नव्या यादीचा भरवसा का वाटावा?

जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईत क्रिओल आणि मुसलमान वस्त्यांत दंगली झाल्या, पंचवीसच्या वर माणसं मेली. सिंगापूरहून ब्रिटिश पलटण आणावी लागली. सोहळ्याला राजकन्या अलेक्झांड्रा येणार होत्या, त्यांचा दौरा रद्द झाला. काकांच्या मित्राचं कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेलं, तसे अनेक गेले.

पण देश फुटला नाही. तो बांधून ठेवण्यात इथल्या निवडणूक पद्धतीचा वाटा आहे, असं मला वाटतं. ६२ सदस्य निवडून येतात. ज्या समाजाला जागा कमी पडल्या, त्या समाजातल्या चांगली मतं मिळवूनही पडलेल्या उमेदवारांतून आणखी आठ जणांपर्यंत आत घेता येतात. ही पद्धत जातीयता टिकवते, अशी टीका इथे मोठ्याने होते आणि ती बिनबुडाची नाही. तरी १९६८ मध्ये घाबरलेल्या माणसाला सभागृहात एक खुर्ची दाखवता आली, याचं मोल मी कमी मानणार नाही. दोन वर्षं व्हायच्या आत रामगुलाम यांनी द्युवाल यांना सरकारात घेतलं आणि परराष्ट्रमंत्री केलं.

गुरुवार, कास्कावेल

गणेशचतुर्थी. इथे ती सार्वजनिक सुट्टी असते. पश्चिमेकडच्या कास्कावेल गावात १८९६ मध्ये मराठी मजुरांनी पहिला गणपती बसवला, असं सगळे अभिमानाने सांगतात. आम्ही सकाळीच तिथे पोचलो. 'सुखकर्ता दुखहर्ता' तीच, चाल जरा संथ. मग ढोलकीवर झाकरी सुरू झाली, आपल्या कोकणातली जाखडीच. पायांत चाळ बांधलेली पोरं गोल फिरत होती आणि वन्संचे डोळे भरून आले. नऊवारीतल्या बायका क्रिओलमध्ये गप्पा मारत होत्या. उकडीच्या मोदकांना नारळ इथलाच, साखरही इथलीच.

दुपारी पंगतीत माझ्या शेजारी एक वकीलबाई होत्या. म्हणाल्या, आमची शेवटची दाद अजून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडेच जाते. मला वाटलं, हे तुम्हाला खुपत असेल. त्यांनी मान हलवली. छोट्या देशात सगळे एकमेकांचे नातलग. दूरचा न्यायाधीश बरा, असं इथल्या पुष्कळ लोकांना वाटतं. राणी १९६८ नंतरही राष्ट्रप्रमुख होतीच. प्रजासत्ताक झालं १२ मार्च १९९२ ला. म्हणजे दांडीयात्रेच्या त्याच तारखेला, पण चोवीस वर्षांनी.

शुक्रवार, पुन्हा पोर्ट लुई

रात्रीचं विमान होतं. शेवटचा दिवस आम्ही चागोसवाल्यांसाठी राखून ठेवला होता.

चागोस हा इथून सुमारे दोन हजार किलोमीटरवरचा बेटांचा पुंजका. ब्रिटिश काळात मॉरिशसचाच भाग. लँकेस्टर हाउसची परिषद चालू असताना, २३ सप्टेंबर १९६५ ला, पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनी रामगुलाम यांना बोलावून घेतलं. त्या भेटीसाठी विल्सन यांच्या सचिवाने लिहिलेलं टिपण पुढे उजेडात आलं: आशा दाखवून त्यांना घाबरवायचं. आशा स्वातंत्र्याची, भीती ते हुकण्याची. चागोस तोडून द्यायला शहाणपणाने तयार झाले नाहीत तर. ८ नोव्हेंबर १९६५ ला ब्रिटनने ती बेटं वेगळी काढली, बदल्यात मॉरिशसला तीस लाख पौंड दिले. मग दिएगो गार्सियावर अमेरिकेचा लष्करी तळ उभा राहिला आणि १९६८ ते १९७३ या काळात तिथल्या दीड-दोन हजार माणसांना हुसकून पोर्ट लुई आणि सेशेल्समध्ये आणून सोडलं. रामगुलाम यांनी नकार द्यायला हवा होता का? दिवसभर आम्ही दोघी यावर बोलत होतो. वन्सं म्हणाल्या, "गळ्यावर सुरी ठेवून घेतलेली सही ती." मला ते पटतं. पण ज्यांची बेटं होती त्यांना त्या खोलीत कुणी विचारलं नाही, हेही तितकंच खरं.

२५ फेब्रुवारी २०१९ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १३ विरुद्ध १ मताने सांगितलं, की १९६८ मध्ये मॉरिशसची वसाहतीतून सुटका कायद्याने पुरी झालीच नव्हती. मे २०२५ मध्ये ब्रिटन आणि मॉरिशसने करारावर सह्या केल्या: सार्वभौमत्व मॉरिशसचं, दिएगो गार्सिया ९९ वर्षं ब्रिटनकडे भाड्याने. आम्ही गेलो तेव्हा तो अमलात यायचा होता.

पोर्ट लुईच्या कडेच्या एका वस्तीत, पत्र्याच्या कुंपणामागच्या घरात, काकांच्या ओळखीच्या एक चागोसी बाई राहतात. त्यांची आई दिएगो गार्सियाची. बोटीत एक पेटी आणि एक गादी एवढंच घेऊ दिलं, कुत्री मागे राहिली आणि ती गॅस सोडून मारली गेली, हे त्यांनी सपाट आवाजात सांगितलं. कुत्र्यांची गोष्ट तिथून आलेल्या प्रत्येकाच्या तोंडी असते. भिंतीवर आईचा फोटो, खाली खोबरं सोलायचा लोखंडी खुंट. चागोसात सगळं काम खोबऱ्याचंच होतं.

कराराबद्दल विचारलं. काका क्रिओलमधून मराठीत सांगत होते. त्या म्हणाल्या, "परत जायला मिळेल म्हणतात, पण बाकीच्या बेटांवर. दिएगोवर नाही. आई दिएगोची. शिवाय सह्या झाल्या तेव्हा आम्हाला विचारलं नाहीच. इंग्लंडला गेलेली आमची माणसं तर या करारावर फार चिडलेली आहेत."

"तुम्ही जाल?" वन्संनी विचारलं.

"मी जाईन. पण आधी बोट सुरू होऊ दे. विहीर, दवाखाना, शाळा, काही नाही तिथे आता. ते कोण बांधणार आणि कुठल्या बेटावर, हे ठरवताना आमच्यातला माणूस बसवा म्हणावं. आमची यादी आम्ही करून ठेवली आहे."

त्यांनी खरोखरच एक वही दाखवली. शंभर पानी, रेघांची. कुणाचा जन्म कोणत्या बेटावर, मुलं किती, आता राहतात कुठे. दिएगो, पेरोस बान्होस, सालोमाँ, असे तीन भाग पाडलेले. काही नावांपुढे निधनाची तारीख होती, आणि खाली मुलानातवंडांची नावं लिहायला जागा सोडलेली.